सात रस्त्यावरचा मेरू

संगणकावर रचलेला डोंगर म्हणजे मुळात आकड्यांची चादर. चादरीला उभे-आडवे धागे असतात, तशा या डोंगराला उभ्या-आडव्या ओळी. दोन ओळी जिथे एकमेकींना छेदतात तिथे एक आकडा असतो, आणि तो आकडा म्हणजे त्या जागेची उंची. या जाळीला उंचीनकाशा म्हणतात. नुसता पाहिला तर तो करडे डाग पडलेल्या कागदासारखा दिसतो : काळे ते खोल, पांढरे ते उंच. मग सॉफ्टवेअर प्रत्येक बिंदू आपापल्या आकड्याइतका वर उचलते, शेजारच्या बिंदूंना त्रिकोणांनी जोडते, वरून माती, गवत, ऊन आणि धुके घालते, आणि कुठेही नसलेला प्रदेश पडद्यावर उभा राहतो. हा उद्योग करणाऱ्याला इंग्रजीत भारदस्त हुद्दे आहेत. इथे त्याला भूनिर्माता म्हटले आहे. घरची माणसे त्याला वेगळी नावे ठेवतात.

सोलापूरकराला चादरीची उपमा फोडून सांगावी लागत नाही. सोलापुरी चादरीवरचा मोर जॅकार्ड मागावर याच रीतीने उतरतो. आधी चौकटींच्या कागदावर नक्षी, मग चौकटीगणिक पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक, आणि भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर. धागा वर की खाली, एवढाच प्रश्न; मोर आपोआप पिसारा फुलवतो. १८०४ च्या सुमारास फ्रान्समध्ये जोसेफ जॅकार्डने ही युक्ती मागावर बसवली आणि भोकांची तीच कार्डे पुढे हिशेबाच्या यंत्रांत आणि सुरुवातीच्या संगणकांत शिरली. त्या नात्याने गिरणगाव सोलापूर हे संगणकाचे आजोळच लागते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या धागे वर-खाली करून मोर काढले गेले, तिथे बिंदू वर-खाली करून डोंगर काढणारा निपजला तर नवल नाही. फरक इतकाच की मोराला गिऱ्हाईक होते.

डोंगराची ओढ मात्र भूगोलातून येते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास उंच आहे, पण ही उंची सगळ्यांना सारखी वाटलेली असल्यामुळे तिचा कोणालाच उपयोग होत नाही. सह्याद्री पाहायचा तर मुंबईची गाडी धरावी लागते, आणि सोलापूरकराची हक्काची सिद्धेश्वर एक्सप्रेस ही रात्रीची. बोरघाट येतो तेव्हा अख्खा डबा चादर डोक्यावरून ओढून झोपलेला असतो. त्यामुळे कित्येक सोलापूरकरांनी सह्याद्री फक्त कानांनी पाहिला आहे : बोगद्यात गाडीचा आवाज बदलतो आणि झोपेतला माणूस कूस बदलतो. शहरातला सात रस्ता हा चौक म्हणजे या सपाटीचे जणू जाहीर प्रात्यक्षिक. साता दिशांच्या वाटा एकत्र येतात आणि सातांतली एकही दम लागावा इतकी चढत नाही. अशा चौकाजवळ वरच्या मजल्यावर खोली असलेला माणूस खिडकी लावून घेतो आणि आठ हजार मीटरची शिखरे करू लागतो, हे मानसशास्त्राला धरूनच आहे.

खोटा निसर्ग महाराष्ट्राला नवा नाही. संगीत नाटकांच्या काळी जंगलाचा पडदा, रस्त्याचा पडदा, राजवाड्याचा पडदा अशी भूदृश्ये गुंडाळी करून गावोगाव फिरत, आणि एकच जंगल दमयंतीपासून शकुंतलेपर्यंत सगळ्यांना पुरे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांनी सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांसाठी असे पडदे रंगवले. पुढे जत्रेतल्या फोटोवाल्याकडे धबधबा, हंस आणि संगमरवरी कठडा आला; त्याच्यापुढे अख्खे कुटुंब धबधब्याकडे पाठ करून, घरात काही अशुभ घडल्यासारखे गंभीर बसे. या पडद्यांना एकच उणीव होती. डोंगराच्या मागे गेले की तिथे पेटीवाला चहा पीत बसलेला सापडे. संगणकातल्या डोंगराच्या मागे गेले की मागची बाजू असते, आणि तिच्यामागे आणखी एक डोंगर.

हे जमले ते गणितामुळे. १९६७ मध्ये बेनुआ मांडेलब्रो या गणितज्ञाने ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा साळसूद प्रश्न विचारला आणि उत्तर दिले की ते मोजपट्टीवर अवलंबून आहे. पट्टी जितकी आखूड तितकी ती खाड्या-खाचांत अधिक शिरते आणि किनारा लांबत जातो. याचा देशी पडताळाही आहे. भारताचा किनारा शाळेच्या पुस्तकात वर्षानुवर्षे ७,५१६ किलोमीटर होता. अलीकडे अधिक बारकाईच्या नकाशावर मोजला तेव्हा तो सुमारे ११,०९९ किलोमीटर भरला, आणि जमीन टीचभरही वाढली नाही. डोंगराचेही तसेच. दगडाजवळ डोळा नेला की त्याला कडे, घळी, सुळके असतात आणि तो लहानसा डोंगरच दिसतो. बांधकामासाठी टाकलेल्या वाळूच्या ढिगावर किल्ले करणाऱ्या पोरांना हे आधीपासून ठाऊक होते; मांडेलब्रोने त्याला अपूर्णमितीची, म्हणजे फ्रॅक्टलची, बैठक दिली. मोठ्या आकाराची नक्कल लहान आकारात, तिची त्याहून लहानात, असे करत गेले की डोंगर होतो.

ते पहिल्यांदा झोकात करून दाखवले बोइंग कंपनीतल्या लॉरेन कार्पेंटरने. त्याचे काम विमानांची चित्रे काढण्याचे, पण विमान नुसते अधांतरी शोभत नाही, मागे डोंगर लागतो. १९८० मध्ये त्याने दोन मिनिटांची फिल्म केली. तिच्यात प्रेक्षक डोंगररांगांवरून उडत जातो आणि विमान कुठेच नाही. फिल्म पाहून लुकासफिल्मवाल्यांनी त्याला तिथल्या तिथे नोकरी दिली. कचेरीच्या वेळात डोंगर करणाऱ्या कोणाही मुलाने वडिलांना सांगावी अशी ही एकमेव यशोगाथा आहे, आणि ती सोलापुरात फार वेळा सांगितली गेली आहे.

कार्पेंटर आणि त्याचे दोन सहकारी यांनी १९८२ मध्ये मांडलेली रीत घरगुती आहे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांना उंची द्यायची. मध्यबिंदूला चौघांची सरासरी घ्यायची आणि तीत थोडा लहरीपणा मिसळायचा. मग बाजूंचे मध्य, मग लहान चौकोनांचे मध्य, आणि दर फेरीला लहरीपणा कमी करत जायचे. या रीतीमुळे जाळीची बाजू नेहमी ५१३, १०२५, ४०९७ अशी असावी लागते, म्हणजे दोनाच्या घातावर एक. पाश्चात्त्य विद्यार्थ्याला हा वरचा एक छळतो. मराठी विद्यार्थी तो आहेराच्या पाकिटातला रुपया म्हणून निमूट ठेवतो. ४०९७ च्या जाळीत १,६७,८५,४०९ बिंदू बसतात. त्या प्रत्येकाची उंची ठरवताना माणसाला फक्त एक बटण दाबायचे असते, आणि तेही तो पाच-पंचवीस वेळा दाबतो, कारण पहिला डोंगर कधीच मनासारखा येत नाही.

दुसरी रीत केन पर्लिनची. ट्रॉन या १९८२ च्या सिनेमाचे काम करताना संगणकी वस्तूंच्या गुळगुळीतपणाला तो विटला आणि त्याने एक गोंगाट शोधला. गोंगाट हा शब्द तांत्रिक आहे. साधा गोंगाट म्हणजे सात रस्त्यावरचे संध्याकाळचे हॉर्न : कोणाचा कोणाशी संबंध नाही. पर्लिनच्या गोंगाटात प्रत्येक बिंदू शेजाऱ्याशी संबंध राखून असतो, त्यामुळे चढ-उतार सलग येतात. यासाठी त्याला १९९७ मध्ये ऑस्करच्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. शिस्तबद्ध गोंगाट ही जगात इतकी दुर्मीळ गोष्ट आहे. मोठ्या लाटांचा गोंगाट डोंगर देतो, त्यावर निम्म्या आकाराचा टाकला की टेकड्या, त्यावर आणखी निम्मा टाकला की दगडधोंडे. प्रत्येक थराला ऑक्टेव्ह म्हणतात. एका सुरापासून वरच्या त्याच सुरापर्यंत मोजताना इंग्रज आठ मोजतात आणि आपण सात म्हणून त्याला सप्तक म्हणतो. चौकातले रस्ते मोजतानाही, मोजणारा कुठे उभा आहे यावर कधी सात भरतात कधी आठ, तेव्हा या बाबतीत सोलापूरकराने वाद घालू नये.

लहरीपणाचा उगम बीजांकात असतो. बीजांक म्हणजे कोणताही एक पूर्णांक. तोच दिला की तोच डोंगर पुन्हा उगवतो, दगडाला दगड लागून. मोटारसायकलचा नंबर, स्वतःची जन्मतारीख, आणि एकदा तरी त्या व्यक्तीची जन्मतारीख जिचे नाव फाइलला देता येत नाही, अशा क्रमाने बीजांक वापरले जातात. त्या तारखेतून दलदल निघाली तर मनाला लावून घेऊ नये. यंत्राला तारीख कळत नाही.

या रीती ज्यांत भरल्या आहेत त्या सॉफ्टवेअरांची वंशावळ थोडक्यात अशी. १९९४ मध्ये मॅकिन्टॉशवर ब्राइस आले. अमेरिकेच्या युटा राज्यातल्या तांबड्या सुळक्यांच्या प्रदेशावरून त्याचे नाव पडले, आणि मांडेलब्रोचा शिष्य केंटन मस्ग्रेव्ह याचा त्यात हात होता. इंग्लंडहून टेराजेन आले, जे आकाश आणि हवेसाठी नावाजले गेले. नंतर वर्ल्ड मशीन आणि गाया ही नुसत्या जमिनीची कारागीर मंडळी, आणि ब्लेंडर, जे फुकट आहे आणि म्हणून सोलापुरात सर्वांत श्रेष्ठ आहे. टेराजेनचीही फुकट आवृत्ती मिळते, पण तीत चित्राच्या आकाराला मर्यादा असते. डोंगर हवा तेवढा मोठा करा, दाखवायचा मात्र लहान. मध्यमवर्गाला हा नियम अंगवळणी पडलेला आहे.

आता पायऱ्यांचा प्रश्न. उंचीनकाशा आठ बिटांचा असेल तर उंचीच्या २५६ च पातळ्या मिळतात. कळसूबाईचे १,६४६ मीटर त्यात वाटले तर एक पातळी सुमारे साडेसहा मीटरची येते, म्हणजे डोंगर दुमजली घराएवढ्या पायऱ्यांचा होतो. सोळा बिटांत ६५,५३६ पातळ्या मिळतात आणि पायरी अडीच सेंटिमीटरवर येते. आल्प्सच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला आठ बिटांचा डोंगर पाहून हसू येते. महाराष्ट्रात मात्र तो पाहून लोक विचारतात, हा कुठला किल्ला? कारण सह्याद्री खराच पायऱ्यांचा आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर आडवे पसरले, थंडावले, आणि पुढे कडेने झिजताना कठीण थर उभे राहिले, मऊ थर ढासळले. भूशास्त्रात या खडकाला ट्रॅप म्हणतात, आणि तो शब्द पायरीच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे. म्हणजे दख्खन हा निसर्गाने आठ बिटांत केला. बाहेरच्या सॉफ्टवेअरांत तसा परिणाम आणायला पायऱ्या पाडण्याचे खास साधन द्यावे लागते. इथे फक्त फाइल चुकीच्या प्रकारात जतन केली की काम होते. असे अपघात पुष्कळ होतात आणि भूनिर्माता त्यांना शैली म्हणतो.

कल्पना आटली की खऱ्या जमिनीचे आकडे घेता येतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अवकाशयान ६० मीटर लांबीची दांडी बाहेर काढून अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरले आणि रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजून आले. हे आकडे एकेका अंशाच्या चौकोनात फुकट मिळतात. दर ३० मीटरला एक आकडा. सोलापूरचा चौकोन १७ उत्तर, ७५ पूर्व. त्यात पंढरपूर, मंगळवेढे, मोहोळ आणि सोलापूर एका पंक्तीला बसतात. अक्कलकोट शेजारच्या चौकोनात जाते, बार्शी वरच्या, आणि तुळजापूर, जिथला घाट हा सोलापूरकराला दिवसाढवळ्या दिसणारा सर्वांत जवळचा घाट, तो नेमका कोपऱ्यापलीकडच्या चौकोनात. उरलेला चौकोन पडद्यावर उघडला की भूनिर्मात्याला वाटते फाइल उतरलीच नाही. राखाडी कागद. मग उंचीला दहाने गुणले जाते आणि भीमेच्या काठावर लडाख उभा राहतो. विज्ञानात याला उभी अतिशयोक्ती म्हणतात. गावाकडची जमीन पाहुण्यांना दाखवताना ती पूर्वापार वापरात आहे.

रडारला जिथे उत्तर मिळाले नाही तिथे मूळ आकड्यांत उणे ३२,७६८ लिहिलेले असते. ते न पाहता फाइल उघडली तर उभ्या कड्यांच्या प्रदेशात थेट पाताळात जाणाऱ्या विहिरी दिसतात. नवशिका त्यांत पाणी भरतो.

झीज हा या शास्त्राचा गाभा आहे. गोंगाटातून निघालेला डोंगर कालच केल्यासारखा दिसतो, कारण तो कालच केलेला असतो. त्याला वय आणायचे तर पाऊस पाडावा लागतो. मस्ग्रेव्ह आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये याची रीत मांडली. आज प्रचलित असलेल्या एका प्रकारात एकेक थेंब जाळीवर सोडतात; तो उताराने धावतो, वेग असेल तोवर माती उचलतो, वेग ओसरला की टाकून देतो. एका थेंबाने काही होत नाही. लाखो थेंबांनी घळी पडतात, घळींचे ओढे होतात, ओढ्यांच्या तोंडाशी गाळाचे पंखे पसरतात, आणि डोंगराला आजोबांच्या हातासारख्या शिरा येतात. ज्या जिल्ह्यात वर्षाचा पाऊस सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तिथला माणूस पावसाची सरकपट्टी पाहून भान विसरला तर त्याला दोष देता येत नाही. ती पहिल्या दिवशी शेवटपर्यंत ओढली जाते. सकाळी डोंगर वाहून गेलेला असतो.

दुसरी झीज कोरडी. उतार ठरावीक कोनापेक्षा तीव्र झाला की माल खाली घसरतो आणि पायथ्याशी ढीग साचतो. सुट्या दगडगोट्यांसाठी हा कोन तिसाच्या वर, चाळिसाच्या आत असतो. त्याचे शिक्षण घ्यायला स्वित्झर्लंडला जाण्याची गरज नाही. बाजार समितीत कांद्याचे पोते ओतताना पाहिले तरी पुरते. ढीग एका उंचीपर्यंत वाढतो आणि मग वरून टाकलेला प्रत्येक कांदा मुकाट पायथ्याची वाट धरतो.

पाणी भरायला एकच आकडा लागतो : समुद्राची पातळी. सोलापूरच्या चौकोनात ती पाचशे मीटरवर नेली की शहराला, इतिहासात प्रथमच, चोवीस तास पाणी मिळते. सिद्धेश्वर तलावातले देऊळ आधीच पाण्यात असल्याने त्याला फारसा फरक पडत नाही. हा तलाव बाराव्या शतकात सिद्धरामेश्वरांनी खणवला अशी परंपरा आहे. सोलापूरच्या भूदृश्यात माणसाने केलेला तो पहिला मोठा फेरफार, आणि त्याला मागे घेण्याचे बटण नव्हते. हौशी भूनिर्मात्याचे मन मात्र एका समुद्रावर भागत नाही. सात रस्ते रोज पाहणाऱ्याला पुराणातले सात समुद्र आठवतात : खारट पाण्याचा, उसाच्या रसाचा, मद्याचा, तुपाचा, दह्याचा, दुधाचा आणि गोड पाण्याचा. सॉफ्टवेअरात पाण्याचा वक्रीभवनांक १.३३ टाकतात. तुपाचा १.४५ च्या आसपास टाकून पाहता येतो, पण डिसेंबरात ते थिजते याची सोय केलेली नसते. दुधाला पारदर्शकता काढून आत प्रकाश विखुरावा लागतो, दही लाटा घेत नाही. सातांपैकी सहज साधतो तो उसाच्या रसाचा. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात तो काल्पनिक म्हणावा की नाही, एवढाच प्रश्न राहतो.

सात समुद्र आले की मध्ये मेरू आलाच, आणि इथे उंचीनकाशा हात टेकतो. विष्णुपुराणात मेरूची मापे दिली आहेत : उंची ८४,००० योजने, जमिनीत १६,०००, पायथ्याशी रुंदी १६,००० आणि माथ्याशी ३२,०००. म्हणजे मेरू वर रुंद आणि खाली निमुळता. उंचीनकाशात एका जागेला एकच उंची लिहिता येते. बाहेर झुकलेल्या कड्याखालची हवा लिहायला जागाच नाही. त्यामुळे मेरू उभा करू गेले की त्याच्या भिंती सरळ खाली येतात आणि देवांचे निवासस्थान पाण्याच्या टाकीसारखे दिसते. पातळ्यांचीही पंचाईत आहे. सोळा बिटांत ८४,००० योजने बसवली तर एकेक पायरी सव्वा योजनाहून मोठी. योजन बारा-तेरा किलोमीटरचे धरले तर एव्हरेस्टच्या दीडपटीहून जास्त. ही अडचण पुराणापुरती नाही. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा आत वळलेला आहे, नागाच्या फण्यासारखा, आणि तोही या जाळीत मावत नाही. अवकाशातून मोजलेल्या आकड्यांत तो नुसता मोठा उतार होऊन बसतो. ज्या कड्याच्या काठावर लोक पालथे झोपून खाली पाहतात, त्याची संगणकात घसरगुंडी होते. उपाय आहेत. बिंदूला वर उचलण्याबरोबर बाजूलाही ढकलता येते. पण त्यात दगड एकमेकांत घुसतात, यंत्राला धाप लागते, आणि मेरू अखेर उलट्या पेल्यासारखा पायथ्याशी रुंद केला जातो. पुराण कोणी उघडून पाहत नाही, या भरवशावर.

झाडे आणि बर्फ नियमांनी पडतात. अमुक उंचीच्या वर आणि तमुक उतारापेक्षा सपाट जागी बर्फ, त्याखाली जंगल, त्याखाली गवत. हे नियम थंड देशांत लिहिले गेल्यामुळे काही बदलले नाही तर कळसूबाईवर बर्फ पडतो. झाडांच्या संग्रहात पाइन, फर आणि ओक यांची रेलचेल असते. बाभूळ नसते. बोर, हिवर नसतातच. बाभूळ घरी करायला घेतली की दोन दिवस काट्यांत जातात आणि वीस पावलांवरून एकही काटा दिसत नाही. जंगलाची युक्ती अशी की झाड एकच असते. तेच फिरवून, लहान-मोठे करून लाखभर ठिकाणी उभे करतात. निवडणुकीच्या सभांना गेलेल्या माणसाला ही युक्ती ओळखीची वाटते.

आकार कळतो तो हवेमुळे. हवा निळा प्रकाश जास्त विखुरते, म्हणून दूरचा डोंगर निळा. धुळीचे मोठे कण सगळेच रंग सारखे विखुरतात, म्हणून मे महिन्यातले सोलापूरचे क्षितिज दुधाळ. हवा काढून टाकली तर आठ हजार मीटरचा पर्वत टेबलावरच्या कणकेसारखा दिसतो.

आणि अखेर माळ. आश्चर्य असे की या सगळ्या विद्येत सर्वांत अवघड काम सपाटीचे आहे. डोंगर स्वतःच डोळा भरतो. चुका कड्यांत लपतात. सपाट जमिनीवर गोंगाट कमी केला की ती प्लास्टिक होते, वाढवला की गादीसारखी गुबगुबीत. खरा माळ जवळून पाहिला तर त्यात काय नसते? कुसळी गवताची तांबूस झाक, मुरमाचे उघडे पडलेले चट्टे, मेंढरांनी पाडलेल्या वाटा, बांधावरचे निवडुंग, पावसाने कधीतरी वाहून ठेवलेले खडे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यातला माळढोक मीटरभर उंचीचा पक्षी; तोही त्या गवतात असा दिसेनासा होतो की पाहणारे दुर्बिणी लावून तासन्‌तास बसतात. डोळ्याला काहीच नाही असे वाटणाऱ्या जमिनीत मीटरभर पक्षी लपतो, इतकी तिच्यात गुंतागुंत आहे. चित्रात मात्र माळाला अग्रभाग एवढेच नाव असते आणि तो शेवटच्या रात्री, कंटाळ्याच्या भरात, ओळखीचे तेवढे आठवून भरला जातो.

सर्व जमले की रेंडर. प्रत्येक ठिपक्यासाठी प्रकाशाचे किरण मागे-पुढे धाडून रंग ठरवणे म्हणजे रेंडर. मोठ्या चित्राला एक रात्र सहज लागते. सोलापुरात त्यासाठी मे महिना निवडू नये, पण सुट्टी मेमध्येच असते. दिवसभर त्रेचाळीस अंशांत भाजलेली भिंत रात्री सगळी ऊब परत करते, यंत्राचा पंखा घरघरतो, कूलर ओलसर वारा सोडतो आणि पडद्यावर हिमशिखर वरून खाली इंच इंच उमटते. रात्री दीडला वडील पाणी प्यायला उठतात.

"काय रे, झोपायलास का न्हाई?"

"डोंगर शिजायलाय, अण्णा."

"किती शिट्ट्या राहिल्या?"

त्र्याण्णव टक्क्यांवर वीज जाते. कूलर थांबतो, पंखा थांबतो, गल्ली एकदम शांत होते. इन्व्हर्टर घरात असतो, पण त्यावर दिवा आणि वडिलांच्या खोलीतला पंखा एवढेच जोडलेले असते आणि तो करार बदलता येत नाही. रेंडर पहिल्यापासून.

तिसऱ्या प्रयत्नात पूर्ण झालेल्या चित्राला फाइल म्हणून नाव द्यावे लागते. 'अंतिम', 'अंतिम खरे' आणि 'अंतिम आता हात लावू नये' अशी चढती श्रेणी असते. मग प्रकाशन. नाटकाचे पडदे गेले, जत्रेतले फोटोवाले उरले नाहीत. आज मोठ्या आकाराचे भूदृश्य छापणारी जागा म्हणजे फ्लेक्सचे दुकान. तिथे मेरूचे मोल चौरस फुटाने होते. दुकानातला पोरगा चित्र मोठे करतो, लहान करतो आणि मान हलवतो. "डोंगर भारी हाय. पण भाऊंचा फोटो कुठं टाकायचा?" भाऊंचा वाढदिवस परवावर आलेला असतो आणि पाठीमागे काहीतरी हवेच असते. भाऊ मधोमध येतात. त्यांच्या डोक्याआड शिखर जाते. दुधाच्या आणि तुपाच्या समुद्रांवर शुभेच्छुकांचे गोल फोटो ओळीने बसतात, उसाच्या रसावर नाव येते, आकाश लाल अक्षरांना कमी पडते म्हणून धुके पुसले जाते. फलक सात रस्त्यावर चढतो. अक्षरांच्या खाली हातभर पट्टी तेवढी मोकळी राहते : तांबूस गवत, मुरमाचा चट्टा, एक बाभूळ.

रहदारीत अडकलेल्या स्कूटरवरचा मागचा माणूस फलकाकडे बराच वेळ पाहतो आणि पुढच्याला कोपर मारतो.

"खाली नान्नजचा माळ दिसायलाय बे."